दोनपर्यंत मी हाय

महादेवीचा मला हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. ते लपवून तिच्याविषयी लिहायला बसले, तर एक ओळही खरी उतरणार नाही.

सोलापुरातल्या ज्या हॉस्पिटलात मी तोवर बावीस वर्षं काढली होती, तिथं करोनाच्या दुसऱ्या लाटेत कंत्राटावर नर्सेस घेतल्या. माझ्याकडे अतिदक्षता वॉर्ड होता. माणसं श्वासाला महाग झालेली, कॉटला कॉट लागलेली, आणि माझ्या हाताखालच्या अर्ध्या मुली स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरी. अशा एका सकाळी मेट्रनबाईंनी महादेवीला माझ्यापुढं उभं केलं. "सुनंदा, ही घे. अक्कलकोटच्या पलीकडची आहे. कन्नड येतं."

जेमतेम पाच फूट उंची, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात फडक्यात बांधलेला डबा. मी विचारलं, "बायपॅपचा मास्क लावलायस कधी पेशंटला?"

"नाही सिस्टर. एकदा बघितली तर येते."

मागं उभ्या असलेल्या दोघीतिघी फिसकन हसल्या. तिचं मराठी तसंच होतं. मास्क 'बसली', ऑक्सिजन 'वाढली', डॉक्टर 'आली'. पुल्लिंग, नपुंसकलिंग असल्या भानगडी तिनं कन्नडच्या शिवेपलीकडंच ठेवल्या होत्या. ती स्वतःही हसली. तिसऱ्या दिवशी मात्र तो मास्क असा बसवायला लागली की बाजूनं हवा सुटायची नाही. माझ्या हाताला शीर लगेच सापडते, अशी माझी हॉस्पिटलभर ख्याती. लहान मुलांच्या वॉर्डातूनसुद्धा मला बोलावणं यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणाच्या हातांकडं बघत उभी राहिले.

तेव्हा पीपीई किटमध्ये कोण कोण हे कळत नसे, म्हणून आम्ही सगळ्या छातीवर मार्करनं नाव लिहायचो. महादेवीनं दुसऱ्याच दिवशी गुडघ्यांवर लिहिलं. डाव्या गुडघ्यावर मराठीत, उजव्यावर कन्नडमध्ये.

"हा काय नखरा?" मी विचारलं.

"पालथं झोपलेल्या पेशंटला आपली छाती कुठं दिसते सिस्टर? पायच दिसते की."

एवढी साधी गोष्ट. फुप्फुसात हवा जावी म्हणून आम्ही माणसांना तासन्‌तास पोटावर झोपवत होतो आणि आपण त्यांना कुठून दिसतो हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आठवड्याभरात वॉर्डातल्या सगळ्यांची नावं गुडघ्यावर गेली. मी शेवटपर्यंत छातीवरच लिहीत राहिले.

तिची आणखी एक सवय होती. "काही होत नाही, घाबरू नका," हे आम्ही दिवसातून शंभरदा म्हणायचो. ती चुकूनही म्हणायची नाही. कॉटजवळ जाऊन वाकायची, नाव सांगायची आणि म्हणायची, "दोनपर्यंत मी हाय." आमची पाळी आठ ते दोन. पावणेदोन झाले की पुढच्या पाळीच्या सिस्टरला हाताला धरून प्रत्येक कॉटपाशी न्यायची. "आता ही लता. ही आठपर्यंत हाय." पेशंट मान हलवायचा. इकडे माझा रिपोर्ट द्यायचा खोळंबायचा, आणि मी घड्याळाकडं बघून चरफडत राहायची.

एक बिडी वळणाऱ्या आजी आल्या होत्या. तेलुगूखेरीज काही येत नव्हतं. ऑक्सिजन कमी पडला की माणूस भ्रमिष्टासारखं करतं. या आजी सारखा मास्क ओढून काढायच्या. दोनदा लावला, दोनदा काढला. तिसऱ्यांदा मी त्यांचे हात कॉटच्या दांड्याला बँडेजनं बांधायला सांगितले. नियमात बसणारी गोष्ट होती आणि त्यांच्या जिवासाठीच होती. महादेवीनं हात बांधले, बरोबर बांधले. मग थोडा वेळ तिथंच उभी राहून त्या बोटांकडं बघत राहिली. बांधलेल्या हातांचीही बोटं सारखी हलत होती. ती माझ्याकडं आली.

"सिस्टर, ही आजी मास्क काढत नाही. हात काम मागतंय."

कचऱ्यात टाकायला ठेवलेल्या कार्डिओग्रामच्या कागदाच्या तिनं पट्ट्या कापल्या, बँडेजचा दोरा तोडून ठेवला आणि आजींचे हात सोडले. कुठून तरी शिकलेले दोन तेलुगू शब्द होते तिच्याकडं. "अव्वा, पडुको," म्हणाली. झोप, आजी. आजींनी एक पट्टी घेतली, बोटांमध्ये फिरवली, टोक मुडपलं, दोरा गुंडाळला. मग दुसरी. मास्क तोंडावर तसाच. राउंडला आलेले मोठे डॉक्टर त्या गुलाबी रेघांच्या कागदी बिड्या बघून थबकले. "कुणाची आयडिया?" सगळ्यांनी महादेवीकडं बोट दाखवलं. मी रजिस्टरात डोकं घातलं.

त्या दुपारी मी तिला झापलं. तिचं रजिस्टर खरंच वाईट असे. ऑक्सिजनचे आकडे ती आधी किटच्या बाहीवर लिहायची आणि नंतर उतरवताना दोन कॉटची गल्लत करायची. एकदा मी वेळेवर पकडलं म्हणून निभावलं. "कागदसुद्धा पेशंटच असतो," मी सगळ्यांदेखत म्हटलं. तिनं खाली मान घातली. "बरोबर हाय तुमचं सिस्टर." उलट बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

सगळेच काही जगले नाहीत. सलीमभाई म्हणून टेम्पो चालवणारे एक होते, चाळिशीच्या आतले. महादेवीची पाळी सुरू झाली की त्यांचे डोळे दाराकडं लागायचे. एके दिवशी दुपारी ती निघताना त्यांनी तिला हातानं थांबवलं. "कल आते ना सिस्टर?"

"आते. आठ बजे."

ते त्याच दिवशी चारला गेले. सकाळी ती आली, रिकाम्या कॉटपाशी उभी राहिली, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "किती वाजता?"

"चार."

"मी थांबली असती तर सिस्टर?"

मला उत्तर माहीत होतं. आदल्या दिवशीचे रिपोर्ट मी पाहिले होते. कुणीही थांबलं असतं तरी ते राहणार नव्हते. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिच्या खांद्यावर हात ठेवून तेवढं सांगितलं असतं. मी म्हणाले, "सात नंबरचं सलाईन संपत आलंय, बघ." ती गेली. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही, हेही मी पाहिलं.

मग अण्णा आले. माझे वडील.

अण्णा करमाळ्याच्या बाजार समितीत मापाडी होते. ज्वारी-तुरीची मापं घेण्यात सारी हयात गेली, आणि त्या धुळीनं छाती आधीच अर्धी झालेली. भावानं गाडी करून आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मी वॉर्डाची इन्चार्ज. माझ्याच वॉर्डात, माझ्या टेबलाच्या समोरची कॉट त्यांना दिली. मनात म्हटलं, आता बघा लेक काय करते ते.

अण्णा मला जवळ येऊ देईनात. मास्क लावला की काढायचे. पालथं व्हा म्हटलं की तोंड फिरवायचे. किटमधून मी सांगायची, "अण्णा, मी आहे, सुनंदा." ते म्हणायचे, "वळाकलंय. तू हितं नगं. तू जा, तुजी कामं कर." सगळा वॉर्ड बघत होता. चौथ्या दिवशी ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला आणि त्यांनी माझा हात झटकला. बावीस वर्षांत कुठल्या पेशंटनं माझा हात झटकला नव्हता.

महादेवी पलीकडच्या कॉटपाशी होती. ती आली, मला बाजूला व्हा असंही म्हणाली नाही, नुसती मध्ये शिरली.

"अज्जा, काम काय करत होता?" कन्नडमध्ये अज्जा म्हणजे आजोबा.

अण्णांनी मास्क खाली ओढून एक शब्द टाकला. "मापाडी."

"मापाडी म्हंजे? मास्क लावून सांगा, मला ऐकू येते."

आणि अण्णांनी मास्क लावला. धापा टाकत, तुटक तुटक ते तिला सांगायला लागले. मापाडी धान्य मोजतो. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन.

"लाभ?" ती हसली. "लई भारी. मग आज आपण मापं घालू की. पालथं व्हा. एक श्वास म्हंजे एक माप. तुमी बोलू नका, मी मोजते. चुकली तर हात वर करा."

अण्णा पालथे झाले. ती त्यांच्या पाठीवर तळहात ठेवून मोजत राहिली. लाभ. दोन. तीन. मुद्दाम अकरा गाळून बारा म्हणाली तेव्हा अण्णांचा हात वर आला. मी टेबलाशी उभी होते. लहानपणी मी त्याच बाजारात पोत्यांवर बसून त्यांच्या मागोमाग 'लाभ' म्हणत असे. त्यांचा तो सूर माझ्या कानात पक्का बसलेला होता. मला सगळं ठाऊक होतं. तिला विचारावं लागलं. तरी ते तिला सुचलं आणि मला सुचलं नाही.

तिथून पुढं अण्णा तिचे झाले. आठ वाजले की विचारायचे, "महादेवी आली का?" मी समोर असताना मला विचारायचे. माझ्या हातचं पाणी नको, तिनं दिलेलं चालायचं. ऑक्सिजन हळूहळू वर चढत होता आणि मी देवाचे आभार मानत होते, हे खरंच. पण त्यातच कुठं तरी असंही वाटायचं, की याचं थोडं तरी श्रेय माझं असायला हवं होतं.

एकदा किट उतरवायच्या खोलीत ती मला म्हणाली, "अज्जा तुमच्या होस्टेलला आलते म्हणे."

"कधी?"

"तुमी नर्सिंगला होता तवा. चिवडा घेऊन आलते. धोतर मळकं होतं, पोरीच्या मैत्रिणी बघतील म्हणून गेटापासनं परत गेले. चिवडा स्टँडवर कुणाला तरी देऊन टाकले."

मी घामानं भिजलेले हातमोजे सोलून काढत होते. ही गोष्ट अण्णांनी मला कधीही सांगितली नव्हती. आईलाही सांगितली नसावी.

"तुला कशाला सांगितलं त्यांनी?" माझा आवाज चढलाच.

ती गोंधळली. "तुमच्यासमोर त्यांना रडता येत नाही की सिस्टर. मी कोण? मी दोनला जाते."

अण्णा अठराव्या दिवशी घरी गेले. गाडीत बसताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्या पोरीला सांग, पत्ता ध्यानात ठेव म्हनावं." त्यानंतर दर रविवारी ते तिला फोन करायचे. मी फोन केला की, "बरं हाय. जेवलो," एवढंच. तिच्याशी मात्र अर्धा अर्धा तास. हे मला भावजयीनं कौतुकानं सांगितलं.

लाट ओसरली. कॉट रिकाम्या झाल्या. कंत्राटातल्या काही जणींना ठेवायचं, बाकीच्यांना सोडायचं ठरलं. मेट्रनबाईंनी मला बोलावून विचारलं, "तुझ्याकडच्या दोघींतली एक राहील. महादेवी की लता?"

मी म्हणाले, "महादेवी पेशंटशी चांगली आहे. पण रेकॉर्ड कच्चं आहे. एकदा आकड्यांची गल्लत झाली होती. मराठी नीट लिहिता येत नाही. कायम ठेवायचं तर लता बरी."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी खरंच बोलले, फक्त त्यातलं हवं तेवढं निवडून बोलले. मेट्रनबाईंनी नावावर काट मारली. खुर्चीतून उठताना मला हलकं वाटलं, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी थांबले. परत वर जाता आलं असतं. मी गेले नाही.

शेवटच्या दिवशी महादेवी माझ्या टेबलाशी आली. घरून आणलेली शेंगाचटणी कागदात बांधून दिली आणि म्हणाली, "अनुभवाचं प्रमाणपत्र देता का सिस्टर? दुसरीकडं लागतंय."

मी लिहायला बसले. माझं अक्षर चांगलं आहे. काय झालं कुणास ठाऊक, पेन थांबेचना. कठीण पेशंटला शांत करण्याची हातोटी, सहकाऱ्यांना सांभाळून घेणं, कधीही आवाज न चढवणं, कामावर कधी उशीर नाही, पानभर लिहिलं. सही करून तिच्यापुढं सरकवलं. तिनं ते उलटसुलट बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"वाचून दाखवा की. तुमचं अक्षर जोडून असते, मला लागत नाही."

मला ते मोठ्यानं वाचावं लागलं. ती टेबलाला टेकून, शाळेत कविता ऐकतात तशी ऐकत होती. संपल्यावर सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "येवढं सगळं तुमी बघत होता व्हय?"

कागदाची घडी घालून तिनं पिशवीत ठेवली आणि खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घ्यायला हवे होते.

त्यानंतर तिचं काय झालं ते मला अण्णांकडून तुकड्या तुकड्यांनी कळायचं. घरीच आहे. अजून घरीच आहे. मग एकदा, परीक्षा दिली. आणि पुढं, कर्नाटकात सरकारी दवाखान्यात लागली, कायम. अण्णांनी पेढे वाटले. माझं बिनचूक मराठी घेऊन मी होते तिथंच होते आणि तिला तिच्या कन्नडनं नोकरी दिली, असं मनात येऊन गेलं. ती मार्गी लागली याचा आनंद व्हायला हवा होता. झाला, पण निम्मा.

अण्णा गेल्या वर्षी गेले. छाती शेवटी पुरली नाही. दहाव्याच्या दिवशी आम्ही सगळे विधी आटोपून घरी आलो, तर ओट्यावर महादेवी बसलेली. दोन बस बदलून आली होती. घरात शिरली, अण्णांचा फोटो बघितला आणि एकदम मोठ्यानं रडायला लागली. मी तोवर रडले नव्हते. पाहुण्यांची व्यवस्था, जेवणं, भटजी यातून मला ते जमलं नव्हतं. माझी आत्या मला ओलांडून पुढं गेली आणि तिनं आधी महादेवीला पोटाशी धरलं. "उगी पोरी, उगी."

दुपारी तिला बसस्टँडवर सोडायला मी गेले. कडक ऊन होतं. गाडी यायची होती. शेडखाली उभं राहून मी सांगून टाकलं. मेट्रनबाईंनी मला विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं, ते जसंच्या तसं.

तिला क्षणभर कळलंच नाही. मग चेहरा बदलला. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"आठ महिने घरी बसली होती मी," ती म्हणाली. "भाऊ म्हणत होता, तुझ्यातच काहीतरी कमी असंल, दुसरीला ठेवलं मग तुला का नाही. नर्सिंग सोड म्हणत होता. आई स्थळ बघत होती. मलाबी वाटलं की माझ्यातच कमी हाय."

"चुकलं माझं."

"का केलं ओ तुमी?"

"हेवा वाटायचा तुझा."

"माझा?" ती खरोखर चकित झाली. "माझ्याकडं काय होतं?"

"अण्णा होते," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "अज्जा तुमचेच होते की. अर्धा अर्धा तास माझ्याशी काय बोलत होते? तुमचंच सांगत होते. सुनंदानं हे केलं, सुनंदा अशी हाय. मी नुसती ऐकत होती." मग तिचा आवाज चढला. आजूबाजूचे बघायला लागले तरी तिनं तो खाली आणला नाही. "तुमाला पायजे होतं तर तुमी विचारायचं होतं त्यांना. माझी नोकरी कशाला घालवली?"

गाडी आली. मी तिची पिशवी उचलायला गेले, तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली. आत चढली, खिडकीशी बसली. काच अडकली होती, दोन्ही हातांनी जोर लावून तिनं ती सरकवली आणि बाहेर तोंड काढून म्हणाली, "घरात पावणे हायत. तुमी जावा." सिस्टर म्हणाली नाही. निरोपाचा हातही केला नाही. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिचा लाल झालेला चेहरा मला दिसत होता. जे वाटलं ते सगळं त्या चेहऱ्यावर होतं, त्यातलं काहीही तिनं मागं ठेवलेलं नव्हतं. मला इतक्या वर्षांत कुणावर असं तोंडावर, मोकळेपणानं रागावता आलं नव्हतं. फाटकात उडालेली धूळ खाली बसली तरी मी तिथंच उन्हात उभी होते, आणि मला तिच्या त्या रागाचाही हेवा वाटत होता.